दिलेले आणि न दिलेले सूर : ‘द ऑर्ब’चे भागीदारीतले अल्बम

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत लंडनच्या एका इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या मंडळींवर बोलायचे, हे जरा आडवाटेचे वाटेल. पण मला ज्या प्रश्नावर बोलायचे आहे तो साहित्याच्या घरातलाच आहे. दुसऱ्याचे किती घ्यावे, कसे घ्यावे आणि घेतल्यावर त्याचे नाव कुठे लिहावे, हा तो प्रश्न. कवी, कीर्तनकार, नाटककार पिढ्यान्‌पिढ्या त्याला तोंड देत आले. संगीतात गेल्या चाळीस वर्षांत यंत्रांनी तो फार टोकदार केला आहे. १९८८ साली सुरू झालेला ‘द ऑर्ब’ हा गट आजही चालू आहे, आणि त्या एकाच गटाच्या वाटचालीत या प्रश्नाची बहुतेक वळणे सापडतात.

निमित्त आहे ते २०२३ साली आलेल्या ‘मेटॅलिक स्फिअर्स इन कलर’ या अल्बमचे. ‘द ऑर्ब’ आणि ‘पिंक फ्लॉइड’चे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांचे हे भागीदारीतले काम. २०१० साली दोघांनी मिळून ‘मेटॅलिक स्फिअर्स’ काढला होता, त्याच सामग्रीवर पुन्हा हात फिरवून हा नवा अल्बम तयार झाला. त्याच्याकडे येण्याआधी थोडी वाट चालावी लागेल, कारण ही भागीदारी कुठून आली हे कळल्याशिवाय तिचे महत्त्व कळत नाही.

भोवतालचे संगीत

ज्याला इंग्रजीत ‘अ‍ॅम्बियंट’ म्हणतात ते भोवतालचे संगीत. त्यात गायक नसतो किंवा असला तरी पुढे येत नाही. मुखडा नसतो, सम गाठण्याची घाई नसते, बऱ्याचदा ठेकाही नसतो. सूर आणि आवाज सावकाश येतात, एकमेकांत मिसळतात आणि विरून जातात.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७च्या सुमारास ‘फर्निचर संगीत’ असा शब्द काढला. खुर्ची-टेबलासारखे खोलीत असावे, पण कुणी त्याकडे टक लावून पाहू नये, असे संगीत. १९२० साली पॅरिसमध्ये एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात ते वाजवले तेव्हा लोक गप्प बसून ऐकू लागले. साती त्यांच्यात फिरून सांगत होता की बोला, हिंडा, ऐकू नका! लोकांनी काही त्याचे ऐकले नाही.

पुढे इंग्लंडचा ब्रायन ईनो १९७५च्या जानेवारीत अपघात होऊन अंथरुणावर पडला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची तबकडी लावून दिली आणि ती गेली. आवाज फारच कमी होता, एक स्पीकर बंद होता आणि उठून ते ठीक करण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात मधूनच हार्पचे सूर वर येत आणि बुडून जात. संगीत असेही ऐकता येते, हे आपल्याला तेव्हा उमगले असे ईनोने पुढे सांगितले. १९७८ साली त्याने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ काढले आणि ‘अ‍ॅम्बियंट’ हे नाव रूढ झाले. लक्ष दिले तर काहीतरी सापडावे आणि नाही दिले तर खटकू नये, अशी त्याची कसोटी होती.

आपल्या कानांना हे परके वाटायला नको. मैफल सुरू होण्याआधी तानपुरे जुळवून झालेले असतात, गायकाने अजून षड्ज लावलेला नसतो, आणि सगळे सभागृह त्या नादाने भरलेले असते. त्या दोन मिनिटांचे एक तासाचे संगीत केले तर जे होईल, त्याच्या जवळपास हे आहे. याला थोडा प्रत्यक्ष आधारही आहे. ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली या ज्या अमेरिकन संगीतकारांचा प्रभाव ईनोने मानला, त्या दोघांनीही १९७०पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिक्षण घेतले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे किराणा घराण्याचे. बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात किराणा घराणे काय आहे हे सांगण्याची गरज नाही.

नाचून थकलेल्यांची खोली

‘द ऑर्ब’ सुरू केले अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी यांनी. पॅटरसन हा मूळचा वादक नव्हे. ‘किलिंग जोक’ नावाच्या रॉक बँडबरोबर सामान वाहणे, तारा जोडणे असली कामे करत तो फिरला, आणि नंतर ईनोचे संगीत काढणाऱ्या ‘ईजी’ या कंपनीत नोकरीला लागला. कॉटी पुढे ‘केएलएफ’ या जोडीतला म्हणून गाजला.

१९८९ साली लंडनच्या ‘हेवन’ या नाइटक्लबात सोमवारच्या रात्री मोठ्या दालनात धडाक्याचे नृत्यसंगीत चाले. नाचून थकलेल्यांना टेकायला एक लहान खोली होती आणि त्या खोलीत काय वाजवायचे, हे पॅटरसनकडे सोपवले होते. दोन-तीन टर्नटेबल एकाच वेळी चालू ठेवून तो एका तबकडीवरचे सूर, दुसरीवरचे पक्ष्यांचे आवाज आणि तिसरीवरचे कुणाचे तरी बोलणे असे एकमेकांवर सोडत असे. आवाज हळू, ठेका नाही. ‘द ऑर्ब’चे संगीत या खोलीत घडले. म्हणजे सुरुवातच दुसऱ्यांच्या तबकड्यांपासून होती, आणि हे लक्षात ठेवायला हवे.

ढगांची गोष्ट

नेमके त्याच सुमारास सॅम्पलर नावाचे यंत्र तरुण मुलांच्या आवाक्यात आले होते. ते कुठल्याही ध्वनीचा तुकडा आकड्यांच्या रूपात साठवते. चांगल्या यंत्रात एका सेकंदाचे ४४,१०० भाग पाडून प्रत्येकाची नोंद होते. मग तो तुकडा कळ दाबली की वाजतो. उलटा वाजवता येतो, ताणता येतो, हजार वेळा फिरवता येतो. शिवणकाम करणारी बाई जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवते, तसे या यंत्राने ध्वनीचे तुकडे जोडता येऊ लागले. फरक एवढाच की वाकळीतली लुगडी घरचीच असतात.

‘द ऑर्ब’ची १९८९ची पहिली मोठी रचना सुमारे १९ मिनिटांची होती. तिच्यात अमेरिकन गायिका मिनी रिपर्टन हिच्या एका प्रसिद्ध गाण्यातला आवाज अधूनमधून तरंगत येतो. रिपर्टन १९७९ सालीच वारली होती. परवानगी घेतलेली नव्हती. तिच्या बाजूने हरकत आल्यावर पुढच्या प्रतींतून तो आवाज काढला आणि तिच्यासारखा गळा असलेल्या दुसऱ्या गायिकेकडून तोच भाग गाऊन घेतला.

त्यानंतर १९९० साली ‘लिटल फ्लफी क्लाउड्‌स’ आले. आजही ‘द ऑर्ब’ म्हटले की लोकांना हीच रचना आठवते. ती पॅटरसनने ‘यूथ’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शाळासोबत्याच्या मदतीने केली. कॉटी तेव्हा वेगळा झाला होता. रचनेत एक बाई बोलते आहे. लहानपणी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आकाश कसे दिसे, ढग कसे असत, संध्याकाळी रंग कसे पसरत, असे ती आठवून सांगते. आवाज थोडा नाकातला, थोडा पोरकट. मागे गिटारची एक नक्षी सतत फिरत राहते.

हा आवाज रिकी ली जोन्स या गायिकेचा. एका अल्बमच्या प्रसिद्धीसाठी तिची मुलाखत ध्वनिमुद्रित झाली होती आणि तिथून तो उचललेला. गिटारची नक्षी स्टीव्ह राइश या संगीतकाराच्या ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’ या १९८७च्या रचनेतली. पॅट मेथेनीने एकट्याने अनेक गिटारांचे थर एकावर एक मुद्रित करून ती वाजवली होती. या दोघांनाही काही विचारलेले नव्हते.

जोन्सच्या बाजूने दावा आला. ‘द ऑर्ब’च्या कंपनीने पैसे देऊन न्यायालयाबाहेर प्रकरण मिटवले. राइशचे वागणे वेगळे होते. आपले संगीत या तरुण मुलांना घ्यावेसे वाटले याचे त्याला कौतुक वाटले. पुढच्या उत्पन्नातला २० टक्के वाटा घेऊन त्याने विषय संपवला.

एका गटाने दोन वर्षांत तिघांचे आवाज न विचारता घेतले आणि तिघांची उत्तरे तीन तऱ्हेची निघाली. एकीचा आवाज काढून नक्कल बसवली, दुसरीला भरपाई दिली, आणि तिसऱ्याने मागाहून का होईना पण ते देऊन टाकले.

कायदा विचारतो एक, व्रत विचारते दुसरे

त्या काळात कायदाही चाचपडत होता. कॉटी आणि त्याचा जोडीदार बिल ड्रमंड यांनी १९८७च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश गटाचे गाणे सर्रास वापरले होते. शिल्लक प्रती नष्ट करण्याची पाळी आल्यावर दोघे स्वीडनला गेले आणि काही प्रती त्यांनी एका शेतात जाळल्या. अमेरिकेत १९९१च्या डिसेंबरमध्ये एका रॅप गायकाविरुद्ध निकाल लागला, त्याची सुरुवातच न्यायाधीशांनी बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली. जर्मनीत ‘क्राफ्टवेर्क’ या गटाच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून सुरू झालेला वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालून युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन सेकंदांसाठी वीस वर्षे!

कायदा विचारतो, ‘हे कुणाचे आहे?’ आम्हा जैनांच्या घरात लहानपणापासून जो शब्द कानावर पडतो तो थोडा वेगळा आहे. अचौर्य व्रताच्या संदर्भात चोरीसाठी शास्त्रात ‘अदत्तादान’ असा शब्द येतो. अदत्त म्हणजे न दिलेले, त्याचे आदान म्हणजे घेणे. इथे पहिला प्रश्न मालकीचा नाही. वस्तू कुणाची आहे यापेक्षा ती दिली गेली होती का, हे पाहिले जाते.

गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी, सांगितल्या आहेत. दुसऱ्याला चोरीला लावणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि पाचवा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे असल म्हणून नक्कल खपवणे. हे सगळे व्यापाऱ्यांच्या जगातले आहे, पण संगीताच्या बाजारालाही किती चपखल बसते पाहा. रिपर्टनचा आवाज काढून तिच्यासारखा दुसरा गळा बसवला, तेव्हा कायद्याचे समाधान झाले. व्रताचे झाले का? मूळ आवाजाची ओढ वापरायची, पण मूळ आवाजवालीला काही द्यायचे नाही, हे प्रतिरूपकाच्या फार जवळ जाते. आणि चोरीचा माल घेणे हा अतिचार गिऱ्हाइकाला लागतो. म्हणजे ऐकणारे आपणही यातून सुटलो नाही.

उलट राइशच्या बाबतीत जे न दिलेले होते ते नंतर दिले गेले. घेणाऱ्याने नंतर का होईना समोर जाऊन उभे राहिले, आणि देणाऱ्याने मन मोठे केले, तर न दिलेले दिलेले होऊ शकते. ‘द ऑर्ब’ची पुढची तीस वर्षे मला या दिशेने झालेला प्रवास वाटतो.

मालक दारात आला

या प्रवासाची पहिली पायरी त्याच क्लबातल्या खोलीत पडली. पॅटरसन तिथे ‘रेनबो डोम म्युझिक’ ही १९७९ची तबकडी वाजवत असे. ती स्टीव्ह हिलेज या गिटारवादकाने मिकेत जिरोदी हिच्या साथीने लंडनमधल्या एका महोत्सवासाठी केली होती, आणि नंतर जवळजवळ विसरली गेली होती. एके रात्री हिलेज योगायोगाने त्या खोलीत आला. आपलेच संगीत दुसऱ्या कशात तरी मिसळून वाजते आहे हे ऐकून तो पॅटरसनजवळ गेला आणि आपली ओळख सांगितली.

यातून भांडण निघाले असते, निघाली मैत्री. १९९२च्या ‘ब्लू रूम’ या रचनेत हिलेजची गिटार आहे, जिरोदीही आहे. ही रचना ३९ मिनिटे ५७ सेकंदांची. ४० मिनिटांच्या पुढे गेली तर ब्रिटिश लोकप्रियतेच्या यादीत ‘सिंगल’ म्हणून धरत नसत, म्हणून तीन सेकंद आधी थांबवली. ती यादीत ८व्या क्रमांकापर्यंत गेली. दूरदर्शनवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात बोलावले तेव्हा ही मंडळी वाद्ये वाजवण्याचे सोंग न करता मंचावर बुद्धिबळ खेळत बसली. त्याच वर्षीचा त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

ज्याची तबकडी वाजवायची त्यालाच शेजारी बसवून वाजवायचे, ही रीत इथून लागली. हिलेज आणि जिरोदी पुढेही या गटाकडे येत राहिले. यूथ तर कधी गेलाच नाही. स्विस संगीतकार थॉमस फेलमन कित्येक वर्षे पॅटरसनचा जोडीदार होता, त्यानंतर मायकेल रेंडल आला. ‘द ऑर्ब’ हा ठरावीक चौघांचा बँड कधीच नव्हता. एक यजमान आणि येणारे-जाणारे पाहुणे, असे ते घर आहे.

किंग्स्टनची रीत

पाहुण्यांतला सगळ्यांत वडीलधारा होता जमैकाचा ली ‘स्क्रॅच’ पेरी. १९३६चा जन्म. १९७३ साली त्याने किंग्स्टनमध्ये आपल्या घराच्या परसात ‘ब्लॅक आर्क’ नावाचा स्टुडिओ उभारला. चार ट्रॅकच्या साध्या टेपयंत्रावर त्याने जे आवाज काढले त्यांनी पुढचे संगीत बदलले.

जमैकात ‘डब’ नावाचा प्रकार आहे. तयार गाण्याची टेप घ्यायची, गायकाचा आवाज काढून टाकायचा, ढोल आणि बास ठेवायचे, आणि मधूनच एखाद्या शब्दावर, एखाद्या गिटारीच्या ठोक्यावर प्रतिध्वनी सोडायचा. उरते ते गाण्याचे रिकामे घर, ज्यात गाणारा नुकताच येऊन गेल्याच्या खुणा असतात. ‘द ऑर्ब’चे निम्मे तंत्र इथून आलेले आहे. तिथे एकाच ठेक्यावर, एकाच बासच्या चालीवर पन्नास जणांनी आपापली गाणी म्हणावीत, यात कुणाला वावगे वाटत नसे. पण त्या मोकळेपणाची दुसरी बाजूही होती. कुणाच्या कष्टाचे पैसे कुणाच्या खिशात गेले, यावरून तिथे खूप वाद झाले. पेरी आणि बॉब मार्लीच्या मंडळींतही झाले. रीत मोकळी असली म्हणजे हिशेब चोख असतोच असे नाही.

२०१२ साली पेरी बर्लिनजवळ पॅटरसन आणि फेलमन यांच्याबरोबर स्टुडिओत बसला आणि ‘द ऑर्ब्झर्व्हर इन द स्टार हाउस’ हा अल्बम झाला. तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. त्यात ‘पोलीस अँड थीव्ह्‌ज’ आहे, म्हणजे १९७६ साली पेरीच्याच स्टुडिओत झालेले गाणे त्याच्याच समोर नव्याने केलेले. पण मला सांगायचे आहे ते ‘गोल्डन क्लाउड्‌स’बद्दल.

ही रचना म्हणजे जुन्या ‘लिटल फ्लफी क्लाउड्‌स’चाच नवा अवतार. तिच्यात जोन्सच्या जागी आता पेरी बोलतो. १९९०च्या रचनेत एक बाई तिला माहीत नसलेल्या संगीतावर बोलते आहे. आपण प्रसिद्धीसाठी दिलेली मुलाखत उद्या हजारो लोक नाचून थकल्यावर ऐकतील, याची तिला कल्पना नव्हती. २०१२च्या रचनेत एक म्हातारा मायक्रोफोनसमोर बसून, समोरचे कान कुणाचे आहेत हे ठाऊक असताना बोलतो. हसतो, अडखळतो, शब्दांशी खेळतो. त्याचे शब्द दिलेले आहेत.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्हींत सुंदर कोणते? माझे मत विचाराल तर पहिले. त्या बाईच्या आवाजातला निरागसपणा तिला माहीत नसण्यातूनच आलेला आहे. ती समोर बसवून, करार करून, तिसऱ्या वेळी पुन्हा बोला म्हणून सांगितले असते तर तो आला नसता. हे मान्य करायला जड जाते, पण मान्य केले पाहिजे. न दिलेल्यातून सुंदर गोष्ट निपजू शकते, आणि दिलेल्यातून बेताची. म्हणून देण्याघेण्याचा प्रश्न सुटत नाही. एखादी वस्तू सुंदर झाली म्हणून ती घेण्याचा हक्क मागे जाऊन सिद्ध होत नाही. जोन्सने दावा लावला, तो तिच्या आवाजाच्या किमतीचा होता आणि योग्यच होता.

गिल्मरची गिटार

आता मूळ निमित्ताकडे. ‘पिंक फ्लॉइड’ हे ‘द ऑर्ब’चे जुने वेड. त्यांच्या १९९१च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर लंडनचे बॅटरसी वीजकेंद्र आहे, तेच जे ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७७च्या ‘अ‍ॅनिमल्स’वर होते. आत एका रचनेचे नाव ‘बॅक साइड ऑफ द मून’. पुढे १९९३च्या जाहीर कार्यक्रमांच्या अल्बमवर त्याच वीजकेंद्रावर ‘पिंक फ्लॉइड’च्या उडत्या डुकराऐवजी मेंढी उडवली. चेष्टा होती, पण प्रेमाची. चंद्राची मागची बाजू आपण पाहतो आहोत, असे त्या मुलांना म्हणायचे असावे.

वीस वर्षांनी ज्यांची चेष्टा केली त्यांच्यातलाच एक घरी आला. गॅरी मॅकिनन नावाचा एक ब्रिटिश तरुण परग्रहावरच्या यानांचे पुरावे शोधायला अमेरिकेच्या लष्कराच्या आणि ‘नासा’च्या संगणकांत घुसला होता, आणि अमेरिका त्याला आपल्या ताब्यात मागत होती. त्याच्या मदतीसाठी गिल्मरने २००९ साली एक जुने गाणे गायले. ते काम करताना यूथच्या स्टुडिओत गिल्मरने पुष्कळ गिटार वाजवली. यूथने ती सामग्री पॅटरसनपुढे ठेवली. २०१०चा ‘मेटॅलिक स्फिअर्स’ त्यातून तयार झाला. जुन्या तबकडीसारख्या दोन बाजू, दोनच लांब रचना. मॅकिननला पाठवण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने २०१२ साली फेटाळला.

गिल्मरची गिटार हा मोठा बोलका आवाज. स्वर लांबवून, तार ओढून तो एक वाक्य पुरे करतो आणि थांबतो. असा आवाज भोवतालच्या संगीतात ठेवायचा कसा? पुढे आणला तर ते गिल्मरचे होते, बाकीचे साथीदार. मागे ढकलला तर गिल्मर कशाला? २०१०च्या अल्बममध्ये ही ओढाताण ऐकू येते. कुठे गिटार सुरेख तरंगते, कुठे ठेका नुसता वाट पाहत उभा राहतो. मोठ्या पाहुण्यापुढे यजमानाचे जसे होते तसे काहीसे.

२०२३च्या ‘इन कलर’मध्ये तीच गिटार आहे, पण तिच्याभोवतीची जागा नव्याने रचली आहे. पुन्हा दोनच लांब रचना. गिटार मूळच्या जागेवरून हलते, तिचे तुकडे होतात, प्रतिध्वनीत ते लांब जातात आणि दुसऱ्याच कशातून परत येतात. म्हणजे ‘द ऑर्ब’ने १९९०मध्ये राइशच्या गिटारचे जे केले तेच गिल्मरच्या गिटारचे केले. या वेळी मात्र नाव मुखपृष्ठावर आहे.

पदावरची चाल

मुखपृष्ठावरच्या या नावाने मला आपल्या संगीत नाटकांची छापील पुस्तके आठवतात. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा किंवा चिजेचा निर्देश असे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच भागातल्या गुर्लहोसूरचे. ‘सौभद्र’च्या पदांना त्यांनी कानडी चाली घेतल्या, कीर्तनातल्या घेतल्या, लोकांच्या तोंडी असलेल्या घेतल्या. पुढच्या नाटकांत ठुमऱ्या आल्या, ख्याल आले. हे सारे लपवलेले नव्हते. ज्याची चाल त्याला पैसे मिळत नव्हते हे खरे, पण ऋण कुठले ते कागदावर होते. वाचणाऱ्याला मूळ शोधत जाता येई. गिऱ्हाइकापुढे ऋण उघडे ठेवणे ही निदान अर्धी फेड आहे.

मोठे अदत्तादान

२०२०च्या मार्चमध्ये ‘द ऑर्ब’चा ‘अबॉलिशन ऑफ द रॉयल फमिलिया’ आला. यातही हिलेज, जिरोदी, यूथ, रॉजर ईनो अशी पाहुणेमंडळी आहेत. त्याच्या नावामागचा रोख आपल्याशी संबंधित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अफूच्या व्यापाराला ब्रिटिश राजघराण्याचे जे पाठबळ होते त्याचा हा उशिरा नोंदवलेला निषेध आहे. बिहार-बनारसच्या शेतकऱ्यांकडून कंपनी ठरवील त्या भावाने अफू घेतली गेली, चीनमध्ये उतरवली गेली आणि त्यापायी १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे झाली.

निषेध शब्दांत नाही, सगळा नावातच आहे, म्हणून कुणी त्याला फुकाचा म्हणेल. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण तो घेण्याच्या दिशेकडे बोट दाखवतो. नाव नसलेल्या पोरांनी गाजलेल्या गायिकेचा आवाज घेणे आणि राजसत्तेने शेतकऱ्याचे पीक घेणे, दोन्ही अदत्तादानच, पण दोन्हींचे वजन एक नाही. आणि इंग्रजांकडे बोट दाखवताना हेही आठवावे की होळकर-शिंद्यांच्या माळव्यातली अफू मुंबईच्या वाटेने चीनला पोचवणाऱ्या पेढ्यांत पारशी होते, मारवाडी होते आणि आमचे जैनही होते. त्यांतल्या काहींच्या घरी अचौर्याचे पाचही अतिचार पाठ असतील.

नक्कल करणारा गळा

हे सारे आता जुने वाटू लागावे अशी वेळ आली आहे. सॅम्पलरला निदान मूळ ध्वनीचा तुकडा लागत असे. आता संगणक गायकाचे काही तास ऐकून त्याच्या गळ्यात, त्याने कधी न गायलेले गाणे गाऊ शकतो. २०२४च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अशा नकली आवाजांविरुद्ध अंतरिम आदेश दिला. १९८९मध्ये रिपर्टनच्या जागी दुसरी गायिका बसवली होती, तिला निदान त्याचे पैसे मिळाले असतील. या नव्या प्रतिरूपकाला कुणालाच काही द्यावे लागत नाही.

आपल्या घराघरांत आजीने म्हटलेल्या ओव्या, वडिलांनी सांगितलेली आरती, गावच्या भजनाच्या टेपा आहेत. नातवंडे त्यांवर ठेका चढवून मोबाइलवर टाकतात. टाकू द्यावे. जुन्या आवाजाला नवे कान मिळत असतील तर वाईट काय? फक्त त्यांना एवढे शिकवावे, की जी माणसे हयात आहेत त्यांना आधी विचारा, जी नाहीत त्यांचे नाव वर लिहा, आणि पैसे आले तर वाटा काढा.

ज्यांना हे संगीत ऐकायचे असेल त्यांनी सुरुवात ‘लिटल फ्लफी क्लाउड्‌स’ने करावी, लगेच ‘गोल्डन क्लाउड्‌स’ ऐकावे आणि मग ‘मेटॅलिक स्फिअर्स इन कलर’कडे यावे. आवाज कमी ठेवावा, खिडकी उघडी असू द्यावी. यामुळे रक्तदाब उतरतो किंवा झोप लागते, असे मी डॉक्टर असूनही सांगणार नाही. ते संगीत आहे, औषध नव्हे. पण त्यातला प्रत्येक आवाज कुठून आला असेल, हे ओळखत ऐकले तर दोन तास कसे जातात कळत नाही.